इंग्रजी नाव इटॅलिकमध्ये आहे, मग मराठी नावही तिरपे करायचे का?

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. तुम्ही घरी चटण्या आणि मसाले करून विकता. नव्या लेबलवर डिझायनरने इंग्रजी नाव ‘प्लेफेअर डिस्प्ले’ या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये घेतले आहे आणि ते तुम्हाला फार आवडले आहे. जोडी जमावी म्हणून खालचे मराठी नावही त्याने तेवढेच तिरपे केले. ते बघून तुमचे सासरे म्हणाले, “नाव पडतंय की काय?” वजन, घटक पदार्थ, फोन नंबर हे सगळेही त्याच इटॅलिकमध्ये आहे. शिवाय क्राफ्ट (खाकी कागदाच्या) स्टिकरवर गडद मरून पट्टा आणि त्यात रिव्हर्स, म्हणजे कोरी सोडलेली, अक्षरे अशी मांडणी असल्यामुळे पहिल्या नमुन्यात बारीक रेघा तुटल्या आहेत. तुम्ही विचारले आहे की फॉन्ट बदलावा का, आणि त्याला शोभेल असा मराठी इटॅलिक फॉन्ट कोणता.

थेट उत्तर आधी देतो. इंग्रजी फॉन्ट बदलू नका, त्याच्यावर टाकलेली कामे कमी करा. मराठी नाव सरळ करा. आणि ‘मराठी इटॅलिक’ शोधण्यापेक्षा ज्यात हात फिरलेला दिसतो असे मराठी अक्षर शोधा, किंवा लिहून घ्या. सासऱ्यांना जे दिसले ते बरोबर दिसले आहे. मी पंचवीस वर्षे मुखपृष्ठे, लग्नपत्रिका आणि पॅकेजिंग करतो. पहिली काही वर्षे मीही मराठी अक्षरे बिनदिक्कत तिरपी करत होतो. एका सुलेखन वर्गात हातात बोरू (छाटलेल्या टोकाची लेखणी) आला तेव्हा ते का खटकते हे मला कळले. तेच कारण इथे नीट मांडायचा प्रयत्न करतो, कारण कारण कळले की उरलेले निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

इटॅलिक म्हणजे तिरपे अक्षर, हे आपल्याला संगणकाने शिकवले. टूलबारवरचा वाकडा ‘आय’ दाबला की अक्षर कलते, म्हणून कलणे हाच इटॅलिकचा गुण वाटू लागतो. आता तुमच्या लेबलवरचा लहान लिपीतला ‘ए’ नीट बघा. सरळ प्लेफेअरमध्ये त्याला वर टोपी आणि खाली पोट असते, छापील पुस्तकात असते तसे. इटॅलिकमध्ये टोपी गेली आणि एकच पोट राहिले, शाळेत आपण हाताने काढायचो तसे. अक्षरे अरुंद झाली, एकमेकांजवळ सरकली, आणि रेघेच्या पायाशी पुढच्या अक्षराकडे वळणारी छोटी शेपटी आली. म्हणजे अक्षराचा सांगाडाच बदलला. हात न थांबवता लिहिताना अक्षराचे जे होते, ते इथे पकडून ठेवले आहे. एरिक गिल या इंग्रज अक्षरकाराच्या ‘जोअ‍ॅना’ या टाइपचे इटॅलिक जेमतेम तीन अंश कललेले आहे, तरी बघताक्षणी ते इटॅलिक वाटते, कारण हात चालताना दिसतो. कल कमी-जास्त होऊ शकतो, चालता हात मात्र हवाच.

हे मुळापासूनच असे आहे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकाने रोमन कवी व्हर्जिलचे काव्य हातात सहज मावेल अशा छोट्या आकारात छापले, आणि ते सबंध इटॅलिकमध्ये. खिळ्यांचे (छपाईच्या धातूच्या अक्षरांचे) ठसे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफोने, त्या काळच्या विद्वानांच्या आणि लेखनिकांच्या झरझर हातावरून. तेव्हा इटॅलिक जोर देण्यासाठी किंवा सजावटीसाठी नव्हते, ते पुस्तकाचे नेहमीचे अक्षर होते. आणि त्या पुस्तकात कॅपिटल अक्षरे सरळच उभी होती! चाल होती ती फक्त लहान लिपीच्या अक्षरांत. मी आजही ही गोष्ट कामात धरून चालतो. इटॅलिकमध्ये सगळे नाव कॅपिटलमध्ये लावले की त्यातला हात निघून जातो आणि नुसता कल उरतो. तुमच्या डिझायनरने पहिले अक्षर कॅपिटल आणि पुढची लहान ठेवली आहेत, हे चांगले केले आहे. ते कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

आता तुमच्या फॉन्टकडे येतो. प्लेफेअर डिस्प्ले हा क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरने २०११ मध्ये आणलेला, मोफत आणि खुल्या परवान्याचा फॉन्ट. व्यवसायाच्या लेबलवर वापरायला वेगळे पैसे नाहीत. त्याची प्रेरणा अठराव्या शतकातल्या इंग्लंडची आहे: जॉन बास्करव्हिलची अक्षरे, आणि त्यानंतर विल्यम मार्टिनने शेक्सपिअरच्या एका भव्य आवृत्तीसाठी कोरलेला टाइप. बास्करव्हिल हा छपाईत येण्याआधी सुलेखन शिकवायचा आणि दगडावर अक्षरे कोरायचा. १७५७ साली त्याने आपले पहिले पुस्तक काढले, तेही व्हर्जिलच. त्यासाठी त्याने नुसते अक्षर बदलले नाही, कागदही गुळगुळीत वापरला आणि छापलेला कागद तापवलेल्या पत्र्यांत दाबून आणखी तुळतुळीत केला. जाड रेघेच्या शेजारी केसासारखी बारीक रेघ ठेवायची तर खरबरीत कागद चालत नाही, हे त्याला माहीत होते.

तुमच्या नमुन्यात नेमके हेच घडले आहे. ज्या अक्षराचा वंश इस्त्री केलेल्या कागदावर जन्मला, ते तुम्ही क्राफ्टवर, तेही रिव्हर्समध्ये छापले. शाई चारही बाजूंनी थोडी पसरली आणि तिने बारीक रेघ गिळली. छापणाऱ्याचा यात फारसा दोष नाही.

प्लेफेअरच्या इटॅलिकचा स्वभाव थोडक्यात सांगायचा तर ते बोलके अक्षर आहे. जाड आणि बारीक रेघेतला फरक मोठा, रेघ संपते तिथे शाईचा थेंब साचल्यासारखे गोल टोक, लहान लिपीची अक्षरे उंचीने भरपूर मोठी आणि खाली उतरणाऱ्या शेपट्या आखूड. या शेवटच्या दोन गुणांमुळे ते कमी जागेत मोठे दिसते. शब्द घट्ट बसतो, म्हणून डब्याच्या नावाला, मासिकातल्या मथळ्याला, लग्नपत्रिकेतल्या दोन नावांना ते शोभते. त्याचा ‘आणि’चा जोडचिन्हाचा आकार तर एकटाच मोठा करून लावावा असा आहे. अशा अक्षराचे काम एखादा शब्द, फार तर एखादी ओळ, मोठ्या आकारात म्हणणे एवढेच. समारंभात एखादी बाई पैठणी नेसून दारात उभी राहून सगळ्यांचे स्वागत करते, तसे. त्याच पैठणीत तिला मिरच्या कांडायला बसवू नये. तुमच्या लेबलवर घटक पदार्थांची यादी इटॅलिकमध्ये आहे, ते असे बसवणे झाले आहे.

आणखी एक करू नका: अक्षरांमध्ये अंतर वाढवू नका. ‘जरा मोकळे दिसेल’ म्हणून बरेच जण ते करतात. चालत्या हाताने लिहिलेली अक्षरे लांब लांब ठेवली की प्रत्येक शेपटी पुढच्या अक्षराकडे जाते आणि मध्येच हवेत थांबते.

आता मराठी नाव. तुमचे नाव मी इथे घेत नाही, उदाहरणाला ‘शिदोरी’ हा शब्द घेऊ. तो सरळ टाइप करा, मग बारा-पंधरा अंश उजवीकडे कलवा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. शिरोरेषा आडवीच राहिली. तिच्यात कल दिसतच नाही. काने तिरपे झाले. पण पडल्यासारखे का वाटते?

रोमन, म्हणजे इंग्रजीची, अक्षरे जमिनीवर उभी असतात. त्यांच्या पायाखाली रेषा असते आणि डोके मोकळे असते. ती पुढे झुकली की धावणारा माणूस झुकतो तशी दिसतात. आपली अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. वरची रेघ पक्की आणि पाय मोकळे. अशा अक्षराला तुम्ही उजवीकडे कल दिला की आपल्या डोळ्याला डोके पुढे गेलेले दिसत नाही, कारण डोके रेघेत अडकलेले आहे. डोळ्याला दिसतात ते डावीकडे मागे उडालेले पाय. दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्याने एका बाजूला फडकतात, तसे. गती दिसायच्या ऐवजी तोल गेल्यासारखे दिसते. सासऱ्यांनी ‘पडतंय’ म्हटले ते याच जागी बोट ठेवून.

दुसरे कारण रेघेच्या जाडीचे आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट बाजूने छाटलेला असतो. त्यामुळे आपल्या अक्षरात वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी रेघ सगळ्यांत जाड येते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे येणारी सगळ्यांत बारीक. रोमनमध्ये बरोबर उलटे. आता बोरूनेच खरोखर तिरपे लिहिले, तर काना उजवीकडे झुकताना त्या जाड दिशेच्या जवळ जातो, म्हणून तो आणखी भरदार होतो. संगणक काय करतो? तो अक्षर रबरासारखे बाजूला ओढतो. ओढल्यावर उजवीकडे झुकलेल्या रेघा लांबतात आणि लांबल्या की सडपातळ होतात. डावीकडे झुकलेल्या रेघा आखडतात आणि आखडल्या की फुगतात. म्हणजे बोरूने जिथे जाडी दिली असती तिथे संगणक ती कमी करतो, आणि जिथे नाजूकपणा हवा तिथे सूज आणतो. ‘द’चे पोट आणि ‘र’ची तिरकी दांडी बघा, लगेच दिसेल. रोमनमध्येही असे यांत्रिक तिरपे करणे वाईटच, पण तिथे निदान रेघांच्या जाडीचा बदल लेखणीच्या दिशेने होतो. आपल्याकडे तो बोरूच्या विरुद्ध जातो.

प्लेफेअर रुंद टोकाच्या लेखणीचा नाही, अणकुचीदार लेखणीवर कमी-जास्त दाब देऊन येणाऱ्या जाड-बारीक रेघांचा आहे, हे मान्य. पण मराठी वाचणाऱ्या डोळ्याला बोरूचीच सवय आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागरच्या टायपांनी ती सवय घट्ट केली. जोर द्यायचा तर आपले जुळारी शब्द ठळक खिळ्यात जुळवायचे, तिरपा करायचे नाहीत.

मग मराठीत चालता हात नव्हताच का? होता, आणि फार सुंदर होता. मोडी. पेशवे दफ्तरातला एखादा कागद कधी बघायला मिळाला तर नक्की बघा. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात शक्य तितका न उचलता अक्षरे लिहीत जायची. बाळबोध (म्हणजे आपली नेहमीची देवनागरी) आणि मोडी यांचे नाते मला नेहमी सरळ रोमन आणि इटॅलिकच्या नात्यासारखे वाटते: एक सावकाश, पोथीचे, दुसरे झपाट्याचे, कारभाराचे. फरक इतकाच की युरोपात झरझर हाताचा टाइप झाला आणि सरळ टाइपच्या शेजारी एकाच पानावर नांदू लागला. आपल्याकडे छापखान्याने बाळबोध उचलली आणि मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या वापरातून गेली. युनिकोडमध्ये ती २०१४ मध्ये आली. म्हणून ‘देवनागरी इटॅलिक’ शोधायला गेलात की हात बहुतेक रिकामा राहतो. ते नैसर्गिकपणे घडायची जागाच रिकामी राहिली. लेबलवर मोडी वापरा असे मी म्हणत नाही, गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही. पण मोडीतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: आपल्या लिपीत गती कलण्यातून येत नाही, वळशातून येते. वेलांटीची झेप, उकाराचा फेरा, गाठ न मारता मोकळी सोडलेली रेघ, एका अक्षरातून दुसऱ्यात गेलेला हात. प्लेफेअरच्या इटॅलिकला जोडीदार शोधायचा तो इथे.

इथून पुढे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. माल विकला जातो कुठे? गावातल्या दुकानात आणि आठवडी बाजारात जात असेल तर मराठी नाव मोठे आणि इंग्रजी त्याच्या निम्म्याने हवे, मग इटॅलिकचा प्रश्न आपोआप लहान होतो. शहरातल्या प्रदर्शनांत, ऑनलाइन किंवा परदेशातल्या मराठी घरांत जात असेल तर दोन्ही नावे तोलामोलाची ठेवता येतील. दुसरे म्हणजे चटण्यांचे प्रकार किती? एकच मुख्य नाव लिहून घेणे परवडते. पण ‘तीळ’, ‘जवस’, ‘कारळे’, ‘शेंगदाणा’ अशी डझनभर नावे त्याच हाताची हवी असतील तर फॉन्टच लागेल.

माझ्या मते मुख्य नाव लेटरिंग करणाऱ्याकडून लिहून घ्या. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरे आठवा, नाटकाचा स्वभाव नावाच्या अक्षरात उतरायचा. एका शब्दासाठी हातासारखे दुसरे काही नाही. लिहिणाऱ्याला प्लेफेअरमधले इंग्रजी नाव दाखवा आणि सांगा की कल नको, पण जाड-बारीक रेघेतला फरक, रेघेच्या शेवटचा थेंब आणि वेलांटीतली झेप त्याच्याशी बोलली पाहिजे. ‘शिदोरी’सारख्या शब्दात दोन वेलांट्या आहेत. पहिली ‘शि’ची, दुसरी ‘री’ची, एक डावीकडून घर बांधते आणि दुसरी उजवीकडून. त्या दोघींनीच शब्दाची कमान होते. असे काही तुमच्या नावात सापडते का ते लिहिणारा बघेल.

फॉन्टच हवा असेल तर चार पर्याय सांगतो, चारही मोफत मिळतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ शांत आणि पुस्तकी आहे, आणि त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत. हे लहान वाटेल, पण बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ देतात आणि मराठी नाव नकळत परके दिसते. तुमच्या नावात यातले एखादे अक्षर असेल तर हे आधी तपासा. या फॉन्टला इटॅलिक जोडही आहे, पण माझ्या मते ते मजकुरात एखादा शब्द वेगळा दाखवण्याच्या कामाचे, डब्यावरच्या नावाचे नाही. ‘रोझा वन’मध्ये जाड-बारीक फरक प्लेफेअरसारखा ठसठशीत आहे. तो फार जड असल्याने एकदोन शब्दांपुरताच घ्या, मग छान शोभतो. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. मसाल्याच्या डब्यावर मला तो आवडेल, पण प्लेफेअरच्या नाजूकपणाशी त्याचे जमेल असे वाटत नाही. आणि ‘कलम’ हा खरोखर तिरपा देवनागरी फॉन्ट आहे. चांगलाच कललेला आहे आणि तरीही पडत नाही! कारण तो ओढून तिरपा केलेला नाही. बॉलपेनने किंवा स्केचपेनने वहीत भरभर लिहावे तसा मुळातूनच लिहिलेला आहे, त्यात गाठी मोकळ्या आहेत आणि रेघ जवळजवळ एकाच जाडीची आहे. माझे म्हणणे खोडून काढायला कोणी ‘कलम’ पुढे केला तर मी म्हणेन की तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. तुमच्या मुख्य नावाला तो फार घरगुती होईल. पण ‘तीळ’, ‘जवस’ अशी प्रकारांची नावे आईने बरणीवर चिठ्ठी चिकटवावी तशी ‘कलम’मध्ये लावली तर मला ते फार गोड वाटेल.

म्हणजे आतापर्यंत ठरले ते असे: इंग्रजी नाव प्लेफेअर इटॅलिकमध्ये मोठे, मराठी नाव सरळ पण वळणदार, प्रकाराचे नाव ‘कलम’मध्ये. उरला बारीक मजकूर आणि छपाई.

छपाईबद्दल माझा एक अनुभव. २०१४ साली गुळाच्या एका खोक्यासाठी मी असेच नाजूक इटॅलिक क्राफ्टवर घेतले होते. स्क्रीनवर इतके देखणे दिसत होते की खऱ्या पुठ्ठ्यावर प्रूफ काढायचा आग्रह मी धरला नाही. दोन हजार खोकी आली आणि नावातली तीन अक्षरे मध्येच तुटलेली. ती चूक माझी होती आणि पुन्हा छापायचा खर्च मी भरला. तेव्हापासून माझी मोजपट्टी ठरलेली आहे. गुळगुळीत कागदावर ऑफसेटला सगळ्यांत बारीक रेघ पाव पॉइंटच्या खाली जाऊ देत नाही, रिव्हर्समध्ये अर्ध्या पॉइंटच्या खाली नाही, आणि क्राफ्टवर किंवा स्क्रीन प्रिंटिंगला एक पॉइंट. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. कोरलड्रॉमध्ये अक्षर कर्व्ह करून (म्हणजे नुसत्या आकारात बदलून) सगळ्यांत बारीक रेघेवर तेवढ्या जाडीची एक रेघ ठेवून बघितली की लगेच कळते.

तुमच्या नमुन्यात रेघ कमी पडत असेल तर ‘बोल्ड करा’ हा सल्ला घेऊ नका. प्लेफेअर डिस्प्लेमध्ये ४०० पासून ९०० पर्यंत वजने (अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या) आहेत, पण वजन वाढवले की मुख्यतः जाड रेघ जाड होते, बारीक रेघ फारशी वाढत नाही. मरून पट्ट्यात बारीक रेघ तशीच अडकेल. त्याऐवजी तीन गोष्टी करता येतील. नाव मोठे करा. पट्टा काढून क्राफ्टवर सरळ गडद मरून अक्षरे छापा. गडद अक्षराची रेघ पसरून थोडी जाडच होते, तुटत नाही. किंवा सोरेन्सनचेच नंतर आलेले, नावात ‘डिस्प्ले’ नसलेले नुसते ‘प्लेफेअर’ हे कुटुंब घ्या. त्यात आकारानुसार रेघ जुळवून घेण्याची सोय आहे, म्हणजे लहान आकारासाठीच्या रूपात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवलेली असते. माझी पसंती दुसऱ्या उपायाला आहे. त्यात खर्चही वाढत नाही आणि क्राफ्टचा रंगही मोकळा दिसतो.

बारीक मजकुरातून इटॅलिक पूर्ण काढा. घटक पदार्थ, वजन, तारखा, पत्ता हे साध्या, सरळ, एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये हवे. मराठी आणि इंग्रजी एकाच कुटुंबात हवे असेल तर ‘मुक्ता’ चांगला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे काम आहे आणि वजने भरपूर मिळतात. खाद्यपदार्थांच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, मराठी त्याच्या जोडीला देता येते. अक्षरांच्या किमान उंचीचेही नियम आहेत. तुमच्या पाकिटाच्या आकाराला कोणता लागू होतो ते छापण्याआधी परवान्याचे काम बघणाऱ्याकडून तपासून घ्या. मागून स्टिकरवर स्टिकर चिकटवावे लागतात ते याच कारणाने.

फोन नंबरबद्दल एक जागा सहज निसटते. प्लेफेअर डिस्प्लेमधले आकडे मुळात जुन्या पद्धतीचे आहेत, काही रेघेच्या खाली उतरतात, काही बुटके राहतात. एखाद्या सालाला ते देखणे दिसतात. फोन नंबरात किंवा किमतीत मात्र उड्या मारल्यासारखे दिसतात, आणि फोनवर नंबर वाचून दाखवताना माणूस अडखळतो. फॉन्टमध्ये एका उंचीचे आकडेही आहेत. डिझायनरला ‘लायनिंग फिगर्स’ म्हणा, त्याला कळेल. बारीक मजकुराचा फॉन्ट वेगळा घेतलात तर हा प्रश्न फक्त मोठ्या किमतीपुरता उरेल.

वेबसाइट किंवा कॅनव्हात पोस्ट करताना एक सावधगिरी. प्लेफेअरमध्ये देवनागरी अक्षरेच नाहीत. मराठी मजकुराला तो फॉन्ट लावून इटॅलिकचे बटण दाबले की संगणक दुसराच कुठला तरी मराठी फॉन्ट उचलतो आणि वर सांगितल्याप्रमाणे ओढून तिरपा करतो. तुमच्या डिझायनरच्या हातून बहुधा हेच झाले असावे. वेबसाइट करणाऱ्याला सांगा की मराठी मजकुराला भाषा म्हणून मराठीची खूण द्यायची, त्याला फॉन्ट वेगळा नेमायचा आणि ‘फॉन्ट सिंथेसिस’ (संगणकाने स्वतःच अक्षर तिरपे करणे) बंद ठेवायचे. भाषेच्या खुणेमुळे काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ही आपोआप येतात.

डिझायनरशी बोलताना ‘तू चुकलास’ असे नको. त्याने नावासाठी निवडलेले अक्षर उत्तम आहे, आणि दोन लिप्यांची जोडी जमली पाहिजे हा त्याचा विचारही योग्य आहे. त्याला हे दोन प्रयोग करून बघायला सांगा: एकात मराठी नाव तिरपे, एकात सरळ आणि वळणदार. दोन्ही खऱ्या आकारात, खऱ्या क्राफ्ट स्टिकरवर काढा, बरणीला चिकटवा आणि फळीवर ठेवून सहा फुटांवरून बघा. छापायला देताना फाइलमधली सगळी अक्षरे कर्व्ह करून द्या, नाहीतर छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला की मराठी जोडाक्षरे सुटी होऊन बसतात. प्रूफवर मराठी नाव सासऱ्यांना एकदा मोठ्याने वाचायला द्या. ते न अडखळता वाचतील त्या नमुन्यावर सही करा.